बाळाच्या अंगाचं तेल

एकीने मनगट धरलेलं, दुसरीने दंड, आणि तरी माझी नणंद सुळकन सुटली. मधली रेष ओलांडून इकडे आली, शिट्टी वाजली, आमच्या बाजूची पोरं नाचायला लागली, मी पण कडेवरच्या बाळासकट उठले. तेवढ्यात जिने मनगट धरलेलं ती पोरगी स्वतःचा तळवा बघायला लागली. तळवा नाकाशी नेला. तळव्याला तेल लागलेलं. ते तेल माझ्या बाळाचं होतं.

थांबा, नीट सांगते. माझी मुलगी दहा महिन्यांची. सकाळी तिला खोबरेल चोळलं आणि नळाचं पाणी गेलं. घाटकोपरवरून मुलुंडला पोचायचं होतं, नणंदेची कॉलेजची कबड्डीची फायनल. मग फडक्याने पुसलं, बिनबाह्यांचं झबलं घातलं, निघाले. कबड्डीत अंगाला तेल चालत नाय, पकड बसत नाय ना. मॅचच्या आधी पंच प्रत्येकीची नखं बघतो, हात चोळून बघतो. ते पण मी बघितलं, मजा वाटली. पण डोक्यात नाय आलं. मध्यंतरात नणंद कडेच्या रस्सीपाशी आली, बाळाला घेतलं, दोन्ही हातांवर खेळवलं, गेली परत खेळायला.

मैदानाभोवती बोर्ड लावलेले, खेळाडूवृत्ती जपा. मी आठवीपर्यंत शिकलेली, वाचता आलं, पण म्हणजे नक्की काय करायचं? मॅचच्या आधी तिलाच विचारलं होतं.

"हरल्यावर हात मिळवायचा गं वहिनी. त्याचा कप पण देतात, हरलेल्या टीमला, रडू नये म्हणून."

"आणि जिंकलं तर?"

"जिंकल्यावर कोण विचारतंय."

ती हसत होती, पण मला माहीत होतं ती किती घाबरलीय. सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं, यंदा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव आलं तर खेळ, नायतर खेळ बंद आणि स्थळं बघायची. निवडणारे सर समोरच खुर्चीवर बसलेले.

तर त्या पोरीने तळवा दाखवला आणि पंचाने नणंदेला बोलावलं. "काय लावलंय हाताला?"

"काय नाय सर, घाम आहे."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. पंचाने हात चोळून बघितला, घाम, मॅटची धूळ, त्याला काय कळेना. बोलला, चला, खेळा. दोन मिनिटं उरलेली, आम्ही दोन पॉइंटने पुढे.

पंच केवढा उंच, गळ्यात शिट्टी, त्याच्यासमोर जाऊन मी काय बोलणार? मी तिलाच हाक मारली. "अगं, ऐक ना. तेल आहे ते. बाळाचं. सकाळी नुसतं पुसलं मी."

तिने माझ्याकडे बघितलं. हाताचा वास घेतला. मला वाटलं बोलेल, गप्प बस. ती हात वर करून पंचाकडे गेली.

त्या पकडीचे दोन्ही पॉइंट गेले, वर एक समोरच्यांना मिळाला. आम्ही एका पॉइंटने हरलो. ती तळवा हुंगणारी पोरगी हात मिळवायला आली, बोलली, "येडी आहेस काय गं? मी असते तर गुपचूप हात धुवून आले असते." आणि मग नणंदेचा हात बराच वेळ सोडलाच नाय, तिच्याकडे बघत राहिली. मला ते अजून कळत नाय, जिंकलेली पोरगी तिच्याकडे असं का बघत होती.

बसमध्ये विक्रोळी गेल्यावर नणंद बोलली, "तू मला का सांगितलंस?"

"खरं होतं ना ते."

"मग पंचाला सांगायचंस. मला माहीत नव्हतं तोपर्यंत मी खरी होते वहिनी. तू सांगितलंस आणि सगळं माझ्यावर आलं. भीती तुला वाटली, बोलायला मला लावलंस."

बाळ तिच्याच मांडीवर झोपलेलं.

घरी सासऱ्यांनी विचारलं, कशी काय हरलात. ती बोलली, "माझी चूक झाली." माझं नाव घेतलं नाय. तेलाचं पण नाय. मी कांदा कापत होते, कापतच राहिले.

काल युनिव्हर्सिटीच्या टीमची यादी लागली, तिचं नाव नाय. तेलामुळे की तशीही नसतीच घेतली, कोणाला विचारू? रविवारी भांडुपवरून तिला बघायला येणार आहेत. ती शांतपणे साडीला फॉल लावतेय. आता जर मी सासऱ्यांना सांगितलं, चूक माझी होती, तिला अजून एक वर्ष द्या, तर ते ऐकतील कदाचित. पण ती परत बोलेल, मला न विचारता का सांगितलंस. तेव्हा मैदानात आणि आता या घरात, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?