खाडा मांडणाऱ्या काकू

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. लंच ब्रेक संपायला वीस मिनिटं आहेत आणि मी फोनवरच टाइप करतेय, चुका पोटात घाला.

काकू डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढायच्या, लाल पेनचं टोपण दातात धरायच्या आणि विचारायच्या, "बोल, किती वाजता नेलं तुला?"

मागचं अख्खं वर्ष मी हे जवळजवळ रोज ऐकलं.

मी इंग्लंडात, स्लाऊमधल्या एका अकॅडमी शाळेत टीचिंग असिस्टंट. अकॅडमी म्हणजे फी नाही, पण शाळा चालवतो एक ट्रस्ट. काकू तिथे स्पेशल नीड्सच्या ऑफिसात. ऑफिस कसलं, बॉल आणि हुला हूपच्या खोलीला लागून असलेलं खुराडं! डॉक्टर नवऱ्याबरोबर तिशीत इकडे आलेल्या, आता साठीच्या. कार्डिगनच्या खिशात कायम आलेपाक.

आणि भिंतीवर मराठी कॅलेंडर. चतुर्थी, एकादशी, सगळं. चौकोनाचौकोनात लाल अक्षरांत "खाडा", "खाडा". मला वाटलं यांच्याकडे अजून दूधवाला येतो की काय!

"दूधवाल्याचे नाहीत गं," काकू म्हणाल्या. "तुझे खाडे आहेत."

झालं होतं असं की आमच्याकडे इरा आहे, सात वर्षांची, ऑटिस्टिक, डायनोसॉरची सगळी नावं पाठ. तिचा ईएचसीपी आहे. म्हणजे मुलाला कुठली शाळा आणि कुठली मदत मिळालीच पाहिजे, ते कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लिहून दिलेला कायदेशीर प्लॅन. इराच्या प्लॅनमध्ये होतं, रोज सकाळभर एक माणूस फक्त तिच्यासोबत. तो माणूस मी. पण रोज काहीतरी निघायचंच. "रिसेप्शनला दहा मिनिटं बसतेस?" "इयर फोरच्या वर्गावर कुणी नाहीये." मी जायचे. नवी नोकरी, नाही कुठे म्हणणार? आणि मी उठले की इरा टेबलाखाली, दोन्ही हात कानांवर.

काकू मांडायच्या: खाडा, दहा ते सव्वाअकरा. खाली माझी सही घ्यायच्या.

"काकू, सही कशाला? काढून टाकतील मला."

"नाही काढत. मग रिसेप्शनला बसणार कोण?"

मग मागच्या स्प्रिंगमध्ये हेडसरांनी इराच्या आईला बोलावलं. ती नागपूरची, इकडे येऊन दोनच वर्षं झालेली. सर अगदी गोड बोलले. इराला इथे झेपत नाहीये, तिच्यासाठी दुसरी शाळा जास्त बरी. आई म्हणाली, "ओके सर, नो प्रॉब्लेम."

मीटिंगच्या मिनिट्समध्ये छापून आलं: आईची संमती आहे.

काकूंनी तिला शाळेच्या गेटवर गाठलं. मी इराची बॅग धरून शेजारीच.

"अगं, नो प्रॉब्लेम काय? तुला पाठवायचंय का तिला दुसरीकडे?"

"नाही हो काकू! आत्ता कुठे रुळतेय. पण सर समोर बसलेले, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"सर आहेत, देव नाहीत. आणि देवालासुद्धा आपण अटी घालूनच नवस बोलतो."

ती रडता रडता हसली. खरं सांगा, आपल्याकडचे सगळे असेच ना? टीचर बोलले की मान आपोआप डोलते!

"प्लॅनमध्ये या शाळेचं नाव आहे," काकू म्हणाल्या. "ते बदलायचं तर कौन्सिल बदलेल, रीतसर, तुझं ऐकून घेऊन. शाळा ट्रस्टची आहे म्हणून पोरीचा हक्क कमी होत नाही. प्लॅनच्या रिव्ह्यूला ये. आणि मान डोलवू नकोस."

रिव्ह्यूला हेडसर, कौन्सिलच्या एक बाई, इराची आई, काकू आणि मी. सर म्हणाले, "पूर्ण सपोर्ट दिला, तरी प्रगती नाही." काकूंनी कापडी पिशवीतून कॅलेंडर काढलं आणि टेबलावर पसरलं. महिन्यामागून महिना, लालच लाल.

कौन्सिलच्या बाई वाकून बघायला लागल्या. "हा शब्द कसला?"

काकूंनी शांतपणे इंग्लिशमध्ये सांगितलं, "माझ्या आईच्या घरी दूध आलं नाही की हे लिहायचे. यायचं ठरलेलं होतं, आलं नाही."

"हे काही ऑफिशियल रेकॉर्ड नाही," सर म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "या सह्या तुमच्या?"

काकू माझ्याकडे बघतही नव्हत्या, आलेपाकाचा कागद सोडवत बसल्या होत्या. "हो," मी म्हणाले. "सगळ्या माझ्या. प्रत्येक वेळी मला उठवून नेलं. आणि मी गेले."

मग इराची आई. मान एकदम ताठ. "सर, आय हॅव अ प्रॉब्लेम."

एवढंच! मला टेबलावर चढून शिट्टी मारावीशी वाटली!

इरा राहिली. प्लॅनमध्ये शाळेचं नाव तेच. जुनी मिनिट्ससुद्धा दुरुस्त झाली, काकूंनी ओळन् ओळ तपासली.

जुलैमध्ये आमच्याकडे "रिस्ट्रक्चरिंग" झालं आणि एकच पोस्ट गेली. कुणाची, ते सांगायला नकोच. शेवटच्या दिवशी मी भोकाड पसरलं, तर काकू म्हणाल्या, "रडतेस काय? कॅलेंडर नेतेय, खिळा ठेवलाय तुझ्यासाठी." एक आलेपाकाची वडी माझ्या हातावर ठेवली आणि गेल्या.

तो खिळा मी उपटला. इराच्या टेबलाजवळ ठोकला, वर नवं कॅलेंडर लावलं.

आणि आज सकाळी दहाला हेडसर दारात. "रिसेप्शनला, फक्त दहा मिनिटं?" इरा मला स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या ढाली मोजून दाखवत होती. मी लाल पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि म्हणाले, "येते सर. फक्त इथे खाडा मांडते. आजपासून खाली सही तुमची."

सर पेनकडे बघत राहिले. मग कॅलेंडरकडे. मग गेले आणि स्वतःच रिसेप्शनला जाऊन बसले!!

आजचा चौकोन कोरा आहे. काकू, कोरा!

तुमचं झालंय का कधी असं? समोर सर बसलेत, पोटात "नाही" आहे आणि तोंडातून "नो प्रॉब्लेम" निघून गेलंय?