कांडीवाली आणि काकांचं "हं"

आमच्या मावशीच्या तोंडाला कुलूप लागलेलं कुणी पाहिलं नाही. शेगडीकडे तोंड आणि नवऱ्याकडे पाठ करून ती दिवसभराचं सगळं सांगायची. गिरणीत मागांवर राबून आलेले काका भिंतीला टेकून अधूनमधून "हं" म्हणायचे.

एकदा विसरलेला डबा द्यायला ती गिरणीत गेली आणि मागखात्याच्या दारातच थबकली. खडखडाट एवढा, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. त्यात काका सुताच्या कांड्या पुरवणाऱ्या बाईशी बोलत होते. नुसतेच ओठ हलत होते. ती काहीतरी म्हणाली आणि काका चक्क हसले. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी "हं" आणि इथे हसू!

"कोण हो ती?" संध्याकाळी तिने समोर उभं राहून विचारलं.

"कांडीवाली. मला भाऊ म्हणते."

"म्हणणारच! बायको म्हणायची सोय नाही ना."

पुढच्याच आठवड्यात मावशी त्या खात्यात झाडूवाली म्हणून लागली. पगारासाठी, असं आम्हाला सांगितलं. आम्हीही माना डोलावल्या. तिथे कापसाची पूड नाकातोंडात जायची, पण खिडक्या बंदच. कोरड्या हवेत सूत तुटतं. माणसं उकडून निघाली तरी चालतात. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलत. मावशी ती विद्या भराभर शिकली. जळफळाटासारखा मास्तर नाही.

अखेर एके दुपारी मागांच्या रांगेआडून तिला कांडीवालीचे ओठ नीट दिसले. "भाऊ, मागून मुकादम हाक मारतोय. वळा." काका वळले. मुकादम गेल्यावर पुन्हा ओठ हलले. "शेवटच्या मागाचा आवाज बदललाय." काका धावले.

मावशीच्या हातातला झाडू तसाच राहिला. बिघडलेला माग ज्याला कानाने ओळखता येईना, त्याला मुकादम त्याच दिवशी घरी बसवायचा.

सुट्टी होताच तिने कांडीवालीला नळावर गाठलं. "केव्हापासून ऐकू येत नाही त्यांना?"

"झाली की दोनेक वर्षं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल." कांडीवालीने हात धुता धुता विचारलं, "घरी तुम्ही त्यांच्याकडे बघून बोलत नाही का, वहिनी?"

मावशीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. घरी येऊन तिने शेगडी उचलली आणि काकांच्या समोर मांडली.

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलायची थांबलीस की तुझे खांदे थांबतात," काका ओशाळून म्हणाले. "तेव्हा मी हं म्हणायचो. चाललं होतं की."

मावशी ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवसापासून मुकादमावर नजर ठेवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. पुढे कांडीवाली आजारी पडली, तेव्हा तिचं सगळं मावशीनेच केलं. पण मनातून माफ केलं नाही.

"कान माझ्या नवऱ्याचे गेले," ती अजून धुसफुसते, "आणि कळलं आधी तिला!"