सरांनी वाटलेले शब्द

हळ्ळीखेडच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे सर शब्दाचा अर्थ कधी फळ्यावर लिहीत नसत. तो शब्द ते गावातल्या एखाद्या माणसाला देऊन टाकत. 'ग्रीडी', म्हणजे हावरा, किराणावाल्या अप्पांचा, 'पेशंट', म्हणजे धीर धरणारा, शाळेसाठी आडाचं पाणी शेंदणाऱ्या अक्कांचा. शब्द अडला की ते माणूस आठवायचं.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. एकदा अप्पाच शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "सर, आमाला दुसरा कुठला तर द्या की वो. पोरं दुकानात येऊन हासायलेत." सरांनी विचार करून त्यांना 'पंक्च्युअल' दिला, कारण दुकान ते वेळेवर उघडत. अप्पा खूश होऊन गेले. वर्ग हसला, सरांचा चेहरा मात्र कोरडाच राहिला.

तो नेहमीच तसा असे. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली सरांचं घर जळालं आणि त्यात त्यांची बायको आणि लहान मुलगी गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. ते आवाज चढवत नसत, हसत नसत, शाळा सुटली की खोलीवर जात.

पुढं एका वर्षी माझे वडील तापानं गेले. मला रडू आलं नाही. मी ज्वारी निवडत बसायची, निवडलेलीच पुन्हा निवडायची. काकांनी ठरवलं, आता पोरीची शाळा पुरे. त्याचंही मला काही वाटलं नाही.

एका संध्याकाळी सर घरी आले. ओसरीवर काका होते, त्यांच्याशेजारी बसले. मी खांबाजवळ सूप घेऊन बसले होते. दाराआड उभ्या असलेल्या आईला ते म्हणाले, "वर्गात एक शब्द आलाय, 'एन्ड्युअर'. संकटात मोडून न पडता ते सोसत राहणं. तो तुम्हाला द्यावा म्हणतो." सांत्वन करायची त्यांना एवढी एकच रीत ठाऊक असावी.

आई म्हणाली, "मला नगं सर. तो तुमचाच हाय."

सर दाराकडं वळले, पण आई बोलतच राहिली.

"तुमी सोसायलाव ते आमी बघायलोत की. कुणाशी बोलणं न्हाई, हासणं न्हाई. माझी पोरगी बी तसंच करायलीय. बाप गेला तरी डोळ्याला पाणी न्हाई तिच्या. तिला दुसरं काय बी शिकवा, हे नगा शिकवू."

सरांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आमची शकू अशीच पाय मुडपून बसायची."

त्या जळालेल्या घरात काय गेलं ते सर पहिल्यांदाच बोलले होते. त्यांचा आवाज मध्येच तुटला, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. काकांनी खाली मान घातली. सर उठताना त्यांनाच म्हणाले, "उद्यापासून हिला पाठवा." काका नुसतं "व्हय" म्हणाले.

छप्पन साली राज्यं वेगळी झाली आणि सर सीमेपलीकडच्या शाळेत गेले. पुन्हा भेट झाली नाही.

पुढं मीही इंग्रजी शिकवलं, त्यांच्याच रीतीनं, गावातल्या माणसांना शब्द वाटत. 'एन्ड्युअर' आला की पोरं विचारायची, "बाई, ह्यो कुणाचा?" तेवढ्या एका शब्दाला मी पाठ फिरवून फळ्यावर अर्थ लिहायची.