शेवटच्या बाकाचा शेरा

परवा फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, माझी अ‍ॅडमिशन इन द बॅग आहे." मी विचारलं, पत्र आलं का? म्हणाली, नाही, पण येणारच. त्यावर मी लगेच फोन ठेवला. तिला वाटलं आजी चिडली. चिडले नव्हते. कारण लिहून कळवते, दोघांनी वाचा.

तुमचे बाबा पाटी-दप्तर घेऊन प्राथमिक शाळेत जात होते तेव्हाची गोष्ट. नवीन जालन्यात मुलींच्या एका लहानशा शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवायचे. वर्गात पंधरा मुली आणि चार बाक, एका बाकावर चौघी. सराव परीक्षा जानेवारीत व्हायची. तिचा निकाल लागला की मी मुलींना नव्यानं बसवत असे, आणि प्रत्येक बाकाला इंग्रजीतला एक वाक्प्रचार दिलेला होता. पहिला बाक 'इन द बॅग', म्हणजे यश खिशात पडल्यासारखंच. दुसरा 'सेफ बेट', डोळे मिटून भरवसा ठेवावा असा. तिसरा 'फायटिंग चान्स', म्हणजे झगडली तर जमेल. चौथा 'नॉट अ घोस्ट ऑफ अ चान्स'. त्याचा अर्थ मी फळ्यावर लिहीत नसे. तिथं बसणारीला तो आपोआप कळायचा. बाकाचा वाक्प्रचार तोच प्रगतिपत्रकातला शेरा. मुली वाक्प्रचार कधी विसरल्या नाहीत, म्हणून मला या पद्धतीचा अभिमान होता.

त्या वर्षी घनसावंगीकडची एक मुलगी होती. जालन्यात मावशीकडे राहायची. दिवाळीआधी तिला अकरा गुण होते, सराव परीक्षेत एकतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. एकतीस आणखी एकीलाही होते आणि तिसऱ्या बाकावर जागा एकच उरली होती. हजेरीपटावर जिचं नाव आधी, तिला मी ती जागा दिली. ही तेरावी. ती गेली चौथ्या बाकावर, नऊ आणि बारा गुणवाल्या दोघींशेजारी.

तास सुरू होताना ती उभी राहिली. "बाई, मी खाली बसते. पन तिसऱ्या बाकापाशी बसते."

"ही धर्मशाळा आहे का?" मी म्हणाले. "घोंगडी पण आणलीस वाटतं?"

वर्ग हसला. ती चौथ्या बाकावर जाऊन बसली, आणि तिच्या प्रगतिपत्रकात मी चौथ्या बाकाचा शेरा लिहिला.

आठवड्यानं तिचे वडील प्रगतिपत्रक घेऊन आले. अंगावर धुतलेलं धोतर, कागद टोपीत जपून ठेवलेला. ती त्यांच्या मागं उभी होती.

"बाई, मावशीच्या शेजाऱ्याला बी हे वाचता येईना. काय लिव्हलंय?"

"तिच्या अभ्यासाबद्दल लिहिलंय."

"पास व्हईल का न्हाई, तेवढंच सांगा. पोराकडचे लोकं थांबून राह्यलेत. पास व्हनार असंल तर परीक्षा होऊ देतो, वैशाखात लगीन करतो. न्हाई तर माघातच उरकून टाकतो. उगंच कशाला ताटकळत ठेवायचं त्यास्नी?"

माणूस सरळ होता. मी काय सांगेन त्याप्रमाणं तो वागणार होता. ती माझ्याकडं बघत होती, डोळे न हलवता. चार गुणांचा प्रश्न होता आणि हातात सहा आठवडे. झगडली तर जमेल एवढं म्हणायला माझं काहीच जात नव्हतं. पण शेरा शाईनं लिहिलेला होता, खाली माझी सही होती, आणि शाळेच्या नोंदीतही तोच उतरला होता. लिहायचं एक आणि सांगायचं एक, असं मी कधी केलं नव्हतं.

"पास होण्याची काहीही शक्यता नाही, असं लिहिलंय," मी वाचून दाखवलं.

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा टोपीत ठेवला आणि मला हात जोडले.

माघात तिचं लग्न झालं. नंतर तिचं हॉल तिकीट आलं. त्यावर 'गैरहजर' लिहून मी ते फाइलला लावलं. एकतीस गुणांची दुसरी मुलगी एकोणचाळीस मिळवून पास झाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी पाचवीच्या प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. एक बाई मुलीला घेऊन जीपनं आली होती, पदरावर धूळ. अर्जावर आईचं शिक्षण, नववी पास. तिनं मला ओळखलं. मी ओळखलं नाही.

"ह्या बाईनं शिकवलं मला," ती मुलीला म्हणाली. "आईक. इन द बॅग म्हंजे कापूस घरात येऊन पडला. सेफ बेट म्हंजे ह्या हिरीला पानी लागनारच. फायटिंग चान्स म्हंजे उसाला पानी कमी हाय, पन राबलं तर जगंल." मग तिनं चौथा इंग्रजीत म्हटला, अक्षर न चुकता. त्याला तिनं उदाहरण दिलं नाही.

"बराबर हाय का, बाई?"

"बरोबर आहे."

अर्थ बरोबर होते, उपयोगही बरोबर. नोकरीच्या सगळ्या वर्षांत एवढी चांगली वाक्यं मी कुणाच्या पेपरात वाचली नव्हती.

"मंग हिचा शेरा मराठीत लिव्हत जा," ती म्हणाली. "हिच्या बापाला स्वतः वाचता आला पायजे."

मी अर्जावर शिक्का मारला आणि पुढच्या पालकांना बोलावलं.