विवेचक काढल्याशिवाय

भिण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. तंजावरी मराठी घराणं, गिंडीच्या कारखान्यात जन्मभर माल तपासायची नोकरी आणि निवृत्तीनंतर दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा छंद, एवढ्या भांडवलावर मामांनी घाबरण्याचं शास्त्र करून टाकलं आहे. लिफ्ट आली की ते ती आधी एकदा रिकामी वर पाठवतात. सांबार ताटात पडलं की पहिला घास मामींनी घ्यायचा. आणि वर्गसमीकरणाला तर विवेचक काढल्याशिवाय हात लावायचा नाही! बीचा वर्ग वजा चार एसी पूर्ण वर्ग आला तरच अवयव पाडायला बसायचं, नाहीतर सरळ सूत्र वापरून मोकळं व्हायचं. "पडणारच नाहीत ते अवयव सुम्मा, उगाच कशाला शोधायचे? जीव जातो तिथं," असं ते मुलांना बजावतात.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे माझ्या शोळिंगनल्लूरच्या नोकरीची चौकशी करत होते. मामांनी मात्र एक समीकरण पुढे केलं. मी त्याचे अवयव तोंडीच सांगितले आणि मामा पांढरेफटक पडले. "विवेचक न बघता उडी मारतो हा! पोरीचं कसं व्हायचं?" शेवटी मामीच धावून आल्या. "माप्पिळ्ळे, ह्यांचं मनावर घेऊ नका," असं म्हणत त्यांनी मला तिथल्या तिथे जावई करून टाकलं आणि बशीत आणखी केसरी शिरा वाढला.

गेल्या महिन्यात ह्याच मामींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. "जमेल का नाही, तेवढं आधी काढून बघता येतं काय?" मामांनी डॉक्टरांना विचारलं. छाती उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. मामांनी संमतीपत्रावर सही केली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी मी इस्पितळात पोचलो तर मामींना आत नेलं होतं आणि मामा बाकावर एकटेच, वर्तमानपत्राच्या कडेला काही खरडत होते. एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक तीन. "एक आणि तीन. बेरीज चार. पाच हवेत," असं पुटपुटत खोडत होते आणि पुन्हा तेच लिहीत होते.

"मामा, विवेचक?"

"अय्यो, नक्को!" ते ओरडलेच. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आज आधी कळायला नक्को. तुम्ही अवयव बघा की जरा."

मी तो मनातल्या मनात काढलाच. पंचवीस वजा बारा, तेरा. पूर्ण वर्ग नाही. अवयव पडणार नव्हते. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, त्यांना खेटून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "एक आणि तीन..."