बसायला जागा नसलेलं घर

काबाईंचं खरं नाव कचेरीत फार थोड्यांना ठाऊक होतं. अपंग आणि दीर्घ आजारी माणसांच्या घरी जायचं आणि तिथे त्यांची काळजी नीट घेतली जाते की नाही ते पाहायचं, ही त्यांची नोकरी. बोलताना दर वाक्याला ‘का?’ विचारत, म्हणून काबाई. लहानपणी शेजारच्या काकांच्या चाकाच्या खुर्चीत, कसं वाटतं ते बघायला, त्या जाऊन बसल्या होत्या. आईने पाठीत धपाटा घातला. धपाटा त्या विसरल्या. त्या खुर्चीतून दाराची कडी केवढी उंच दिसली होती, ते मात्र विसरल्या नाहीत. पुढे परिचारिका झाल्या, मग तपासनीस, तरी सवय तीच. ‘जित्याची खोड,’ असं त्यांची सून म्हणे आणि पुढचं सासूच्या मानासाठी गिळून टाके.

त्या दिवशी एका इंजिनिअर मुलाची तक्रार होती. त्याची आई पूर्वी शिवणवर्ग चालवायची. स्नायूंच्या आजाराने आधी हातपाय गेले, मग वाचा गेली. समज शाबूत होती. ‘हो’ म्हणायचं असलं की ती डोळे मिटे, ‘नाही’ असलं की सताड उघडे ठेवी. अलीकडे ती घासच घेईना. वजन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी पोटात नळी बसवून अन्न द्यायचं सुचवलं. नळी तिला नको होती. मुलाच्या मते दोष तिला सांभाळणाऱ्या मावशींचा होता. त्यांना बदला, एवढंच त्याचं मागणं.

“मावशींचं लक्षच नसतं,” मुलगा म्हणाला.

“दादा, त्या तोंड उघडत नाहीत. मी काय पाना लावून उघडू?” मावशी म्हणाल्या.

काबाईंनी वाटीतलं बारीक वाटलेलं जेवण चाखलं. चव बरी होती, कोमट होतं, चमचाही लहान होता. म्हणजे त्यांचे पहिले तिन्ही अंदाज पाण्यात गेले. “बसून विचार करते जरा,” म्हणत त्यांनी मागे पाहिलं, तर टेकायला काहीच नव्हतं.

“खुर्च्या कुठे गेल्या?”

“काढल्या सगळ्या,” मुलगा अभिमानाने म्हणाला. “सोफा काढला, जेवणाचं टेबल काढलं. आईची खुर्ची कुठे अडायला नको.”

“मग तुम्ही बसता कुठे?”

“आम्ही ओट्याशी उभ्याउभ्या उरकतो. सवय झाली.”

“आणि मावशी?”

“मी बसायला येते होय इथे?” मावशी फणकारल्या. “उभी असते तरी लक्ष नाही म्हणतात. बसले तर काय म्हणतील!”

काबाईंचे डोळे चमकले. गॅलरीत आईची जुनी चाकाची खुर्ची धूळ खात पडली होती. ती त्यांनी आईशेजारी आणली, आत बसल्या आणि हात मांडीवर सोडून दिले.

“मावशी, मला भरवा. रोज भरवता तसंच.”

“अहो मॅडम, तुम्हाला कशाला?”

“भरवा हो.”

आईने डोळे कडेला वळवून पाहिलं. चमचा वरून आला. मावशी अंगाने उंच, त्यामुळे त्यांच्याकडे पाहताना काबाईंची हनुवटी आपोआप वर गेली, मान ताणली गेली आणि समोर दिवा डोळ्यांत आला. गिळायच्या आतच घास घशात घसरला. काबाईंना असा ठसका लागला की मुलगा पाणी घेऊन धावला. त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. श्वास जागेवर आल्यावर त्या आईकडे वळल्या.

“रोज असंच घसरतं?”

डोळे मिटले.

“भीती वाटते?”

डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

मावशींचा चेहरा उतरला. “मला वाटलं, त्या माझ्यावर रुसल्यात.”

“बसून भरवा. त्यांच्या डोळ्यांपेक्षा जरा खाली.”

बसायला शेवटी न्हाणीघरातली बादली पालथी घातली. मावशी त्यावर टेकल्या. त्यांच्याकडे बघायला आईची मान खाली झुकली, हनुवटी आत आली. अर्धा चमचा ओठांशी आला. ओठ किंचित थरथरले आणि उघडले. गिळलं. मावशी थांबल्या, मग दुसरा दिला.

“गिळलं? खरंच गिळलं?” मुलाने उभ्यानेच विचारलं. आईने त्याच्याकडे पाहायला मान वर केली.

“दादा, आधी खाली बसा!” मावशी ओरडल्या. इंजिनिअरसाहेब मुकाट्याने फरशीवर बसले.

“गिळण्याची नीट तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या, लवकर,” काबाई म्हणाल्या. 

“आणि नळी?” मुलाने विचारलं.

“ती कधीतरी लागेलही. पण ते मला का विचारता? आई समोर बसल्यात.”

मुलाने घसा साफ केला. “आई, डॉक्टरांना सांगू, तपासणी होईपर्यंत थांबा म्हणून?”

डोळे मिटले.

“आणि मावशींना ठेवायचं ना?”

डोळे सताड उघडे. मावशींच्या हातातला चमचा जागीच थबकला. काबाईसुद्धा ‘का?’ विचारायचं विसरल्या. मग आईच्या ओठाचा कोपरा हलला, गालावर बारीक सुरकुती पडली आणि तिने सावकाश डोळे मिटले.

मावशींनी सुस्कारा टाकला. “आधी गिळा, आजी,” त्या दटावून म्हणाल्या. “मग हसा.”