नळीवरचा लाल दोरा

त्या दुपारी खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझी जाऊ गिरजा, मुकादम नाना आणि साहेब. गिरजा गेली, नाना गेला. साहेबाचं काय झालं ठाऊक नाही. सांगायला मीच उरले.

साहेबाचं नाव सांगत नाही, खूण सांगते. त्या काळात जळगावच्या सरकारी कापूस फार्मवर कुणी गेला असाल तर ओळखाल. डावा डोळा घट्ट मिटायचा, तोंड वाकडं करायचा आणि उजवा डोळा बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या दुर्बिणीला लावायचा. वर्षानुवर्षं मिटून त्याचा डावा डोळा बारीकच झाला होता. डबा उघडला तरी पोळीकडे एकाच डोळ्यानं बघायचा. आम्ही बायका सुईत दोरा ओवतो तो दोन्ही डोळे उघडे ठेवून. पण आम्हाला कोण विचारतं?

माणूस पुण्याकडचा. पाण्याचा घडा वेगळा, स्टुलावर रुमाल अंथरूनच बसणार. आमचं बोलणं कानावर पडलं की कपाळाला आठी. बोली कळायची नाही आणि आम्ही त्यालाच हसतोय असं वाटायचं. ते मात्र बरोबर वाटायचं.

आमचं काम म्हणजे सरकीवरचा कापूस विंचरायचा, धागे सुटे करायचे आणि काचेच्या पट्टीवर मांडायचे. साहेब पट्टी दुर्बिणीखाली ठेवायचा. दुर्बिणीच्या वरच्या भिंगाला तो आयपीस म्हणायचा. त्यात आत फूटपट्टीसारख्या रेघा होत्या. दोन रेघांमधलं एक घर. धागा पाच घरांत बसला तर बारीक, ओळ पास. सहाच्या वर गेला की जाड, ओळ बाद. बाद म्हणजे झाडं उपटायची.

मी एकदा म्हटलं, "साहेब, हा कापूस बोटालाच जाड लागतोय."

"ए बाई, बोटांवर माझा विश्वास नाही. काच दाखवील ते खरं."

आमच्या पहिल्या वर्षी कुणी मोठे पाहुणे आले, तेव्हा मात्र याला बाईचं डोकं चाललं. माझ्या वेणीतला एक केस मागून घेतला, राळेत चिकटवून काचेवर बसवला आणि पाहुण्यांना दाखवला. "बघा, बाईचा केस वीस घरं, कापूस पाच घरं." पट्टीवर कागद डकवून त्यानं स्वतः वीस लिहिलं. ती पट्टी मग पेटीत पडली. मला विचारलं नाही, द्यायचा का केस म्हणून. माझा मालक जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मालक तापानं गेला. त्याच साली पाचोऱ्याकडच्या आमच्या तुकड्यात मर रोग शिरला. कपाशी उभ्या उभ्या सुकायची. सकाळी हिरवी, संध्याकाळी मान टाकलेली. सगळं शेत तसंच गेलं. मग मी आणि गिरजा फार्मवर आलो. रडून काय होणार होतं?

फार्मवर एक मुद्दाम मर लावलेला तुकडा होता. त्यात मला एक झाड उभं दिसलं. आजूबाजूचं सगळं मेलेलं, हे एकटं बोंडं घेऊन उभं. मी लुगड्याच्या काठाचा लाल दोरा काढून त्याला बांधला. नानानं त्याची सरकी वेगळी ठेवली. पुढल्या हंगामात त्याच तुकड्यात तिची ओळ लावली, ती सातवी ओळ. एकही झाड मेलं नाही. धागा बोटाला रेशमासारखा. मी शेजारच्या बायांना सांगून ठेवलं होतं की ही सरकी आपल्या गावाला जाणार.

त्या वर्षी साहेबानं पहिली ओळ मोजली, बाद. दुसरी बाद. तिसरी बाद.

गिरजा म्हणाली, "यंदा बठ्ठा कापूस जाडा कसा काय व्हयना वं?"

यंदा सगळाच कापूस जाड कसा झाला, हे मी साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "पाऊस जास्त झाला."

चौथी ते सहावी मर रोगानंच सुकल्या होत्या, मग माझी सातवी ओळ आली. त्यानं शंभर धागे मोजले. साडेसहा घरं. लाल शाईनं बाद लिहिलं आणि नानाला म्हणाला, "उपटा."

नाना माझ्याकडे बघेना. गिरजाला घेऊन शेताकडे गेला.

मी फडकं घेतलं. दुर्बीण पुसायचं काम माझंच होतं. पितळ मला माझ्या तळहातासारखं ठाऊक. नळीच्या मधल्या जोडाशी बोटभर पट्टा दिसला, नवा पिवळाधमक. एवढं पितळ कधी बाहेर नव्हतंच, म्हणून काळवंडलं नव्हतं.

"साहेब, ही नळी ओढलेली आहे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. माझा केस मोजा."

"काय?"

मी पेटीतून पट्टी काढली. अक्षरं मला फारशी येत नव्हती, पण ओळींच्या पाट्या वाचून आकडे आले होते. "तुमच्याच हातचं वीस आहे. मोजा."

काय वाटलं कोण जाणे, मोजला. एकदा मोजला, परत मोजला. सव्वीस घरं.

मी म्हटलं, "काचेवर चिकटलेला केसही पावसानं जाडावला का?"

नळी ओढली की धागा मोठा दिसतो, पण रेघा आहेत तेवढ्याच राहतात. हे साहेबाला माहीत नव्हतं थोडंच? त्याचा उजवा डोळा जात चालला होता. धाग्याची कड दिसेना, म्हणून नळी ओढायचा आणि कुणाला सांगायचा नाही. माझी सासू दोरा ओवला म्हणून दाखवायची आणि दोरा सुईच्या बाहेर लोंबायचा. तिला मी कधी हसले नाही. पण सासू चुकली तर फार तर चोळी उसवायची. यानं तीन ओळी मारल्या होत्या.

त्यानं नळी जुन्या जागेपर्यंत आत सारली आणि सातव्या ओळीचा धागा लावला.

"पाच," तो म्हणाला. आणि उठून पळाला. रुमाल, टोपी, सगळं तिथेच.

बांधावर नाना ओरडला, "साहेब, अर्धी ओय तं उपटी टाकी!"

अर्धी ओळ उपटून झाली होती. उपटलेल्या झाडांच्या ढिगाशी साहेब मातीत गुडघे टेकून बसला आणि एकेक बोंड चाचपून काढू लागला. डोळ्यांनी नाही, बोटांनी. कच्चं कुठलं, पिकलेलं कुठलं, कळत नव्हतं. म्हणाला, "अक्का, हे बघ गं, चालेल का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा अक्का. मी शेजारी बसले. उभी राहिलेली झाडं वाऱ्यावर हलत होती.

ती सरकी पुढे गावोगाव गेली, सरकारी नंबर लावून. माझ्या तुकड्यातही पेरली, आणि उभी राहिली. माझं नाव कुठे नाही. साहेबानं ते लिहिलं असतं, एवढा काही तो मोठा नव्हता.

पेरणीआधीच तो गेला. पेटी-वळकटी टांग्यात टाकली आणि कुणाला न सांगता गेला. मी खोलीत गेले तेव्हा दुर्बीण पुसून ठेवलेली होती. केस मोजला त्या दिवशी नळीच्या खऱ्या जागेवर मी लाल दोरा बांधला होता. तो त्यानं काढला नव्हता. उलट सैल झाला होता तो परत आवळून, वेडीवाकडी गाठ मारली होती. आंधळ्यानं मारल्यासारखी.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. ती पितळी दुर्बीण कधी तुमच्या हाती आली, तर नळीवरचा दोरा काढू नका.